चाळीस टाके

वहिनींचा हात सैल होता. विणणाऱ्या बायका 'हात' कशाला म्हणतात ते आधी सांगते. तीच लोकर, त्याच दहा नंबरच्या सुया आणि तेवढेच टाके दोघींना दिले तरी दोन तुकडे सारखे येत नाहीत. एकीचा घट्ट येतो, एकीचा सैल. लोकर बोटाभोवती किती ओढून धरायची हे कुणाला शिकवता येत नाही. पहिल्या दोन-तीन स्वेटरांत हात बसतो आणि मग तो बदलत नाही. म्हणूनच एकीने अर्धवट सोडलेला स्वेटर दुसरीने पुरा केला, की जिथे सुया एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेल्या तिथे आडवी रेघ उमटते. धुतली, वाफ दिली, तरी ती रेघ जात नाही.

माझा हात घट्ट. माझ्या विणीला बोट लावून वहिनी म्हणायच्या, "बाई, यात पाणी भरून ठेवा, गळायचं नाही."

मी शाळेत शिकवत होते म्हणून 'बाई'. आणि १९९४ साली आम्ही औरंगाबादेत समर्थनगरला भाड्याने राहायला आलो तेव्हा अख्खी गल्लीच त्यांना वहिनी म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. पुढे इतकी वर्षं रोज भेटूनही आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करत राहिलो. त्यात अंतर कधी वाटलं नाही.

माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मोकळी असायचे. बुधवार ठरला तो कसा, आता आठवत नाही. आम्ही चौघी होतो. शहागंजच्या आपा क्रोशाच्या. सुया त्यांना आवडायच्या नाहीत, "दो-दो लकड्या कायको?" म्हणायच्या. उस्मानपुऱ्याच्या भाभी टाक्याला फंदा म्हणत आणि त्यांच्याकडे आईकडून आलेले नमुने होते, कुठल्या पुस्तकात न सापडणारे. आम्हा दोघी मराठी बायकांना विणकाम आलं ते शाळेच्या शिवणाच्या तासातून आणि मासिकांतल्या नमुन्यांतून. आपल्या मुलखाची लोकर म्हणजे धनगरांची घोंगडी. दोन सुयांवरचं विणकाम इकडे आणलं ते मिशनरी बायकांनी. भाभींपुढे आम्ही कायम विद्यार्थिनीच राहिलो.

पिशवीत सुया, गुंडा, पाण्याची बाटली आणि एखाद्या डब्यात चिवडा घेऊन आम्ही निघायचो. कधी सिद्धार्थ उद्यानात, कधी हिमायत बागेत, कधी पाणचक्कीच्या हौदाकाठी वडाखाली. लोकर संपली की गुलमंडी. त्या दुकानात वहिनींना लडी हातात घेऊन गालाला लावायची सवय होती. "बाळाच्या गालाला लागणारे, आधी माझ्या लागू दे." दुकानदारही थांबायचा. सुयांच्या नंबरांचा हिशेब तो नव्या मुलींना समजावायचा तेव्हा आम्ही ऐकत उभ्या राहायचो: नंबर मोठा तेवढी सुई बारीक, बॉर्डर बाराने, अंग दहाने.

मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो अशा गावात लोकर घेऊन बसलेल्या बायका पाहून लोक विचारायचे, हे घालणार कोण? त्यांना मराठवाड्याची डिसेंबरातली पहाट माहीत नसावी. आणि आमचं गिऱ्हाईक तर बारमाही होतं. आमची निम्मी टोपरी घाटीत जायची. घाटी म्हणजे इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. आसपासच्या जिल्ह्यांतल्या बाया बाळंतपणाला तिथे येतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि उघडं राहिलं तर अंगातली ऊब तिथून निघून जाते. दिवस न भरलेल्या बाळाला ती परत आणणं जमत नाही. तयार टोपी अशा बाळाच्या नाकावर उतरते. वहिनींनी त्यासाठी माप शोधलं होतं, मोसंबी. बाजारातून चांगलं मोठं मोसंबं निवडून आणायच्या, टोपरं त्यावर चढवायच्या, दोन बोटं आत गेली की बरोबर. मोसंब्यांचा हा मुलूख आहे, त्यामुळे मापाची कधी अडचण पडली नाही. माप घेऊन झालं की ते सोलून चौघींत वाटलं जायचं.

लांबच्या सहली एसटीने. खुलताबादला भद्रा मारुती, वेरूळ, आणि वर्षातून एकदा तरी पैठण. नाथांच्या वाड्यात जाऊन आलो की वहिनींचे पाय पैठणीच्या मागांकडे वळायचे. तिथे त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर पदर उलटा केला. पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे धाग्यांचं जाळं नसतं. वहिनी बराच वेळ तो पदर उलटसुलट करत राहिल्या, विणणारा मुलगा हसायला लागेपर्यंत. हिमरूची गोष्ट वेगळी. आमच्या शहराचं नाव ज्या कापडाने दूरवर नेलं त्या हिमरूच्या पाठीवर रेशमाचे मोकळे धागे सोडलेले असतात, त्यानेच ते मऊ लागतं. "आपण दोन रंगांचा स्वेटर विणताना मागून धागे नेतो, तसंच की हे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना फार आनंद झाला. हिमरूचे माग आता थोडेच उरलेत याचं त्यांना खरोखर दुःख होतं. कुठेही गेलं तरी त्या कापड उलटून बघायच्या. माणसांच्या अंगावरच्या स्वेटरचीसुद्धा, ओळख असेल तर, कड उलटून बघायच्या.

२०१५ साली आपांनी चौकोनांचा नाद लावला. चेन्नईच्या सुबश्री नटराजन यांच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या समूहाने देशभरच्या बायकांकडून क्रोशाचे तुकडे मागवले होते. ते जोडून ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण अंथरलं गेलं आणि गिनेसमध्ये जगातलं सर्वांत मोठं म्हणून नोंदलं गेलं. आपांचं काम त्यात होतं. वहिनींनी हौसेने क्रोशाची सुई हातात धरून पाहिली, पण त्यांचं मन दोन सुयांवरच. तरी चौकोन मनात राहिला.

आता जे सांगायचं ते.

२०१७ च्या पावसाळ्यात एका बुधवारी वहिनींचं टोपरं मोसंब्यावर चढेना. टाके मोजले, बरोबर होते. सुया त्याच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. वीण बारीक, दाटलेली, मधेच एखादा टाका ओढलेला. आपांनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ये तुमारा हात नै दिखरा."

मी काय म्हणाले? मी खूश झाले. "अखेर तुमचा हात माझ्यासारखा झाला की!" असं म्हणाले. वहिनी हसल्या. "डोळे कमी दिसायलेत, बाई," म्हणाल्या. मग आम्ही मोतीबिंदूबद्दल बोललो, कुणी कुठे ऑपरेशन केलं याबद्दल बोललो.

निदान व्हायला पुढे अकरा महिने गेले. तोवर चालताना त्यांचा उजवा हात हलेनासा झाला होता. डॉक्टरांनी त्यांना कागदावर एकच वाक्य चार वेळा लिहायला सांगितलं. पहिली ओळ नीट, चौथ्या ओळीतली अक्षरं मुंगीएवढी. कंपवात, म्हणजे पार्किन्सन. या आजारात कंप येतो हे मला ठाऊक होतं. हालचाल आखडत, लहान होत जाते, अक्षर बारीक होतं, हे ठाऊक नव्हतं. कागदावर चार ओळींत दिसलं ते आमच्या पिशवीत अकरा महिने पडून होतं, टोपऱ्या-टोपऱ्यागणिक. मी हात ओळखणारी बाई. शाळेत अक्षरावरून पोरगं ओळखायचे.

आधी कळलं असतं तरी आजार तोच आणि औषधंही तीच होती, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं असेल. पण त्या अकरा महिन्यांत वहिनी स्वतःला वेंधळ्या समजत होत्या. विणलेलं रात्री उसवत होत्या, पुन्हा घालत होत्या, आणि घरात कुणाला दिसू नये म्हणून उसवलेली लोकर उशीखाली ठेवत होत्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेवढं तरी मी वाचवू शकले असते.

मग बुधवार त्यांच्या घरी भरू लागला. स्वेटर, गळा, बाह्या हे सगळं सुटलं. भाभी म्हणाल्या, चौकोन विणा. चाळीस टाके, ऐंशी ओळी, सगळं सुलट, मोजायला काही नाही. गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने हात मोकळा व्हायचा आणि पुढचा तास-दीड तास बरा जायचा. त्या वेळेला आम्ही पोचायचो. पहिला चौकोन एका बुधवारात झाला. पुढे दोन बुधवार, मग महिना. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा फोनवर विचारायचे, "आज किती?" त्या म्हणायच्या, "चार ओळी." एकदा म्हणाल्या, "आज नुसत्या सुया हातात घेऊन बसले होते, पण बरं वाटलं."

२०२२ च्या डिसेंबरात, थंडी नुकती पडू लागली होती तेव्हा, वहिनी गेल्या.

सुनेने महिन्याने पिशवी आणून दिली. आत एकोणतीस चौकोन होते आणि तिसावा सुईवर, अर्धा. चहा झाल्यावर आम्ही तिघींनी ते सगळे जमिनीवर क्रमाने मांडले. क्रम लावायला तारखा लागल्या नाहीत. पहिला चौकोन सव्वासात इंचांचा भरला, एकोणतिसावा पाच इंचांचा. लोकर तीच, दहाच्या सुया, चाळीसच टाके.

अर्धा राहिलेला मी पुरा करावा असं भाभी म्हणाल्या, कारण शेवटी शेवटी वहिनींचा हात माझ्या हाताजवळ आला होता. मी सुया उचलल्या आणि खाली ठेवल्या. रेघ दिसलीच असती. आपांनी मग क्रोशाची सुई काढली, सुईवरचे चाळीस टाके एकेक करून साखळीत घेतले, म्हणजे गळणार नाहीत, आणि तो चौकोन आहे तसा ठेवला.

जोडायचे कसे, हा प्रश्न होता. लहानमोठे तुकडे एकमेकांना लागत नाहीत. ते आपांनीच सोडवलं. प्रत्येक चौकोन आठ इंचांचा होईपर्यंत त्याच्या भोवती क्रोशाच्या फेऱ्या घातल्या, पांढऱ्या लोकरीने. पहिल्या चौकोनाला एक फेरी पुरली. मधल्यांना दोन, तीन. शेवटच्या चौकोनात मधोमध वहिनी आणि भोवती आपांच्या चार फेऱ्या. अर्ध्याचं उरलेलं अर्धं सगळं क्रोशाचं आहे. भाभींनी शिवण घातली. कडेची बॉर्डर माझी, तेवढी घट्ट चालते.

पाच गुणिले सहा असं ते पांघरूण वहिनींच्या नातीकडे आहे. ते उलटं केलं तर मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. सगळं सुलट विणलं की तसंच होतं.

आम्ही तिघी अजून बुधवारी भेटतो, बहुतेक सिद्धार्थ उद्यानात, कारण आपांचे गुडघे दुखतात आणि तिथे बाकं बरी आहेत. टोपरी अजून घाटीत जातात. मोसंबं आता मी आणते. माझा हात घट्ट आहे, म्हणून चार टाके जास्त घालते.