आमच्याकडे चालते!

माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली. तिचे घर जुनी इंदूर भागात, म्हणजे राजवाड्याच्याही आधीच्या, नदीकाठच्या मूळ वस्तीत. गेल्या दिवाळीत तिच्याकडे आठ दिवस राहिलो. जाताना वडिलांच्या आठवणींची फाईल पेन ड्राईव्हवर घेतली होती.

वडील मराठी शाळेत मास्तर. १९६१ पूर्वीच्या गोव्यातले आपले बालपण त्यांनी २००४ साली लिहून काढले, मी ते संगणकावर टंकले. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मुखवटे. पुढे तो फॉन्ट हरवला, वहीला वाळवी लागली, वडीलही गेले. फाईल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला.

भाच्याने तो काला युनिकोडमध्ये आणून पीडीएफ करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याच्या लिनक्स लॅपटॉपवर पहिले पान स्वच्छ उमटले, तेव्हा ताईने डोळ्यांना पदर लावला. मी म्हटले, "झाले! असल्या फायली घरोघरी पडल्यात. देऊन टाक सगळ्यांना."

"थांब मामा. आपल्याकडे चालते म्हणून सगळ्यांकडे चालेल असे नाही."

मला वाटायचे, लिनक्स एकच. पण त्याची घराणी अनेक. डेबियन १९९३ चे, फेडोरा २००३ चे, डेबियनमधूनच निघालेले उबुंटू २००४ चे. कुणाचे पॅकेज 'डेब', कुणाचे 'आरपीएम'. भाच्याने अशी व्यवस्था लावली की प्रोग्रामात एक ओळ बदलली तरी सर्व्हरवर प्रत्येक घराण्याची एक कोरी खोली उघडते. तिला कंटेनर म्हणतात. पॅकेज तिथे बसवायचे, वडिलांचे पहिले पान त्यातून काढायचे, तपासायचे, खोली मोडायची. या सततच्या तपासणीला नाव कंटिन्युअस इंटिग्रेशन.

पहिल्याच फेरीत सगळीकडे लाल खूण! पानावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन. भाच्याच्या लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आधीपासून होता, म्हणून तो लागतो हे पॅकेजात लिहायचेच राहिले होते. कोऱ्या खोलीत तो कुठून येणार?

"मामा, तू आईला फोनवर सोलकढी सांगितलीस, पण सोलं आणायला सांगितलीस का?"

खरेच! आमच्या घरात सोलं असतातच, म्हणून मी सांगितली नव्हती.

त्याने लोहित फॉन्टचे नाव यादीत घातले. डेबियन, उबुंटू हिरवे झाले, फेडोरा लालच. डेबियनमध्ये त्या पॅकेजाचे नाव 'फॉन्ट्स-लोहित-देवा', फेडोरात 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स'. वस्तू तीच. ताईनेही इंदूरच्या दुकानात 'सोलं' मागितली तर दुकानदार बघत राहायचा. 'आमसुलं' म्हटल्यावर पुडी पुढे येते.

दोन नावे दोन याद्यांत गेली आणि सगळे हिरवे झाले.

मी मात्र गप्प झालो. वीस वर्षे सरकारी खिडकीवर बसून किती जणांना म्हटले असेन, "आमच्याकडे तर फॉर्म उघडतो, तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये दोष असेल." बिचारे परत जायचे. त्यांच्या घरात काय आहे, काय नाही, हे मी कधी विचारलेच नाही.

परवा भाच्याचा फोन आला. प्रोग्रामात काही दुरुस्ती केली होती. म्हणाला, "मामा, आजोबांचे पान आज पुन्हा सगळ्या घरांत वाचले गेले. सगळीकडे हिरवे."