जिन्याखालची मोटर

आमच्या तीन मजली इमारतीची पाण्याची मोटर जिन्याखाली आहे आणि पलीकडे, त्याच भिंतीला लागून, सासूबाईंची खाट. पाणी पहाटे येतं. खालची टाकी भरली की कुणीतरी मोटर लावतं आणि भिंत तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी घुमू लागते. ८२ वर्षांच्या बाईंनी रोज त्या आवाजाने दचकून उठावं, हे मला बघवेना.

लाकडी पेटी करून मोटर झाका, असं जो तो सांगत होता. प्लंबरकाकांनी त्याला साफ नकार दिला. “वहिनी, पेटीत वारा लागत नाही. मोटर तापते, वाइंडिंग जळतं. आधी त्या पाइपला हात लावून बघा.” चढत्या लोखंडी पाइपने हाताला झिणझिण्या आल्या. तोच पाइप पत्र्याच्या क्लॅम्पने भिंतीला आवळलेला होता. अशी मोटर मिनिटाला ३,०००च्या जरा खालीच फेरे घेते. ती सगळी थरथर पाइपावाटे सासूबाईंच्या उशाशी पोचत होती.

काकांनी मोटरखाली जाड रबरी पॅड घातले. पण खरी मेख बोल्टमध्ये होती. पॅड कितीही चांगला असला तरी बोल्ट मोटरच्या पायाला आणि खालच्या काँक्रीटला लोखंडानेच जोडतो, म्हणजे थरथरीला वाट मोकळीच. म्हणून बोल्टभोवती रबरी बुश, नटाखाली रबरी वायसर, आणि नट बेताचाच आवळायचा. फार दाबला तर रबर चेपतं आणि उपयोग संपतो. मग मोटर आणि चढता पाइप यांच्यामध्ये जाड होज पाइपचा तुकडा आला, क्लॅम्पना रबराचं अस्तर लागलं. पाइप भिंतीतून जातो तिथलं सिमेंट काढून फोम भरला. या शेवटच्या कामाला जेमतेम अर्धा तास लागला, पण फरक मला सर्वांत जास्त तिथेच जाणवला.

मधूनच येणारी खडखड मात्र राहिली. ती फुटव्हॉल्वच्या तुंबलेल्या जाळीची निघाली. पाणी पुरेसं ओढलं जात नव्हतं. जाळी धुतल्यावर थांबली. मोटर बंद करताना पाइपमधलं पाणी मागे फिरून व्हॉल्व धाडकन आपटायचा, तिथे स्प्रिंगचा व्हॉल्व बसवला.

गुणगुण अजून ऐकू येते, पण झोप मोडण्याइतकी नाही. रबर काही वर्षांनी कडक होतं, म्हणून सोसायटीच्या कामांच्या यादीत टाकी धुण्याच्या खाली पॅड आणि बुश तपासणंही मी लिहून दिलंय.