वाऱ्यावरची शाळा

ॲरिझोना म्हटले की वाळवंट आणि निवडुंग, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे होते. प्रेस्कॉटला पोहोचले आणि पाहते तो काय, चहूकडे उंचच उंच पाइनची झाडे, आणि सालीला नाक लावावे तर व्हॅनिलाचा वास! समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवरचे हे टुमदार गाव. १८६४ साली ॲरिझोना प्रांताची पहिली राजधानी इथेच झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या अर्नेस्ट लव्ह या गावच्याच वैमानिकाचे नाव विमानतळाला दिले आहे. त्याच विमानतळावर मी विमान शिकायला आले होते.

डोंबिवलीच्या जागेवर कर्ज काढून अण्णांनी मला धाडले होते. विमानातला मीटर दर ६ मिनिटांनी एक आकडा पुढे सरके, आणि तो सरकला की मला अण्णांचा हप्ता दिसे. दर रविवारी फोनवर त्यांचा एकच प्रश्न, "एकटी उडालीस का गं?"

आमचे मास्तर साठी उलटलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांचा पहिला धडा विमानात नव्हे, फळ्यापुढे झाला. हवा तापली की विरळ होते. पारा ३५ अंशांवर गेला की विमानाच्या लेखी हे गाव पाच हजारांवर राहतच नाही, साडेआठ हजार फुटांवर जाते. पंखांना आधार कमी, इंजिनाचा दम कमी. धावपट्टी मात्र होती तेवढीच! म्हणून उन्हाळ्यात ही शाळा पहाटे भरते.

दुसरा धडा पावसाचा. गंमत म्हणजे इथेही पावसाला मान्सूनच म्हणतात. जुलै उजाडला की दुपारी ब्रॅडशॉच्या डोंगरांवर ढग चढू लागतात. त्या ढगांतून खाली कोसळणारा गार वारा जमिनीवर आपटून वाटेल त्या दिशेला धावतो. ३० जून २०१३ रोजी जवळच्या यार्नेल गावी अशाच वाऱ्याने वणव्याचे तोंड फिरवले आणि प्रेस्कॉटच्या अग्निशामक दलाचे १९ जवान त्यात गेले. हे सांगताना मास्तरांनी खडू खाली ठेवला होता.

माझ्या एकट्या उड्डाणाचा शनिवार ठरला. नेमके त्याच दिवशी विमान दुरुस्तीतून हाती आले अकरा वाजता. ऊन रणरणत होते आणि डोंगरामागे एक पांढरा ढग फुलकोबीसारखा फुगत होता. मास्तर म्हणाले, "विमान तुझे. तू ठरव."

माझ्या डोळ्यांपुढे हप्ता नाचला. अण्णांचा प्रश्न कानात घुमला. मी पुन्हा एकदा ढगाकडे पाहिले आणि म्हणाले, "आज नको." मास्तरांनी नुसती मान डोलावली आणि मला कॉफी पाजली. तासाभरात गारा पडल्या.

रविवारी फोनवर अण्णांना भीतभीतच सांगितले. अण्णांचा जन्म लोकलच्या मोटरमनच्या नोकरीत गेला. क्षणभर थांबून ते म्हणाले, "लाल सिग्नलला थांबलं म्हणजे गाडी चुकली असं नसतं गं."

सोमवारी पहाटे मास्तर विमानातून उतरले आणि दार लावून घेतले. शेजारची खुर्ची रिकामी! त्यांचे वजन उतरल्याने विमान कसे टुणकन वर गेले. खाली ग्रॅनाइटच्या टेकड्या उन्हात नुकत्या उजळत होत्या. भीती वाटायला सवडच मिळाली नाही. तीन फेऱ्या, तीनदा उतरणे. त्यातले मधले जरा धपकन.

खाली येताच मास्तरांनी कात्री काढली आणि माझ्या सदऱ्याचा पाठीमागचा पदर कापून घेतला. पूर्वी उघड्या विमानात मागे बसलेला गुरू शिष्याचा सदरा ओढून त्याला सूचना देई. आता ओढायची गरज उरली नाही, असा त्याचा अर्थ. ही इथली जुनी रीत.

सदरा अण्णांचा होता. त्या रात्री मीच फोन केला.

"अण्णा, उडाले!"

"आणि माझा सदरा?"

"त्याचा तुकडा शाळेच्या भिंतीवर लागलाय."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.