मजल

म्हसावदच्या मोटार स्टँडसमोरील चहाच्या टपरीवर, पौष नुकताच लागला होता त्या दिवसांत, पहाटे साडेपाचच्या अंधारात गोधडी पांघरून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने माझ्या पायांतील बुटांकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि "आज कितली मजल, भाऊ?" असा सरळ प्रश्न केला. अंतर मला पक्के ठाऊक होते. बत्तीस किलोमीटर हा आकडा आठवडाभर उरावर बसून होता. परंतु मजल हा शब्द कानी पडताच तो आकडा जिभेवर येईना, आणि "राणीपूरच्या अंगाला जाऊन परत," एवढेच पुटपुटून मी रस्त्याला लागलो.

शब्द मात्र माझ्याबरोबर धावू लागला. मूळची ती मंजिल. उत्तरेकडील भाषांत ती वाटेच्या अगदी शेवटी जाऊन बसली, दूरची, ज्या एका स्थळाचा ध्यास घेऊन वाटसरूने आयुष्य झिजवावे असे गंतव्य झाली. आमच्या दफ्तरी मराठीने तीच मंजिल फौजांच्या बरोबर चालवली, तिच्यातला अनुस्वार वाटेत कोठे तरी गाळून टाकला, आणि एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत दिवसभरात जेवढे चालून होते तेवढ्याला मजल म्हटले. दोन सख्ख्या बहिणींनी वडिलोपार्जित दागिना मोडून घ्यावा तसा हा शब्द वाटला गेला: एकीच्या वाट्याला शेवट आला, दुसरीच्या वाट्याला वाट. मला आपल्या वाटणीचे सोने अधिक कसदार वाटते.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईला जी मॅरेथॉन होते तिचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, आणि ते पुरे करू इच्छिणाऱ्याने त्यापूर्वी तीन आठवडे, एकदा तरी, तीस-बत्तीस किलोमीटरांची धाव पार पाडून ठेवावी असा या व्यायामाचा दंडक आहे. शर्यतीच्या दिवशी वाद्ये असतात, माणसे असतात, पाण्याचे पेले पुढे करणारे अनोळखी हात असतात. या धावेला कोणीच नसते. राणीपूरकडे जाणारा हा रस्ता पुढे सातपुड्याला भिडतो आणि घाट चढून तोरणमाळच्या पठारावर, यशवंत तलावाच्या काठी जातो. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी डोक्यावर शिधा घेऊन माणसे याच रस्त्याने पायी चालत असतात. पौषात मात्र येथे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या लालसर मागच्या दिव्यांखेरीज, आणि पपईच्या बागांतून अंगावर येणाऱ्या ओल्या, किंचित गोड थंडीखेरीज सोबत नाही. सातपुडा या वेळी डोंगर वाटतच नाही. आकाशाचा खालचा काठ कोणी तरी जाड शाईने ओढून ठेवला आहे असे वाटते.

आणि सोळाव्या किलोमीटरला परत वळून, आणखी दोन गेले नाहीत तोच, माझे मन बसले. पाय दुखत नव्हते. श्वास लागला नव्हता. स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा सरून शरीर खरोखरच हात टेकते ती वेळ तिशीच्या आसपास येते आणि ती अजून दूर होती. म्हणजे शरीराची काहीच तक्रार नसताना, ऐन उजाडता उजाडता, ज्या गोष्टीसाठी मी चार महिने पहाटे उठत आलो होतो तिच्याविषयीची सारी आसक्ती एखाद्या भाडेकरूने रातोरात बिऱ्हाड हलवावे तशी निघून गेली होती. मी चालू लागलो. मग उभा राहिलो. थकव्याशी माणूस झगडू शकतो, कारण तो समोर उभा असतो, नकोसेपणाला पाठपोट नसते, आणि तो जो प्रश्न विचारतो, "कशासाठी?", त्याचे उत्तर खिसे चाचपून पाहिले तरी सापडत नाही. मैलाच्या दगडाला टेकून उभा असताना मला कोण आठवावे? तर पानिपतचा कासीद.

१७६१ च्या जानेवारीत, १४ तारखेला, पौष शुद्ध अष्टमीला, पानिपतावर जे झाले ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही, आणि त्या संहाराची वार्ता मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत कळविणारे ते सावकारी पत्रही आपण शाळेतच ऐकलेले असते. पत्र सर्वांना ठाऊक आहे. ते ज्याच्या कमरेला बांधलेले होते तो माणूस ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या बखरवजा इतिहासात एकाच वाक्यापुरता येऊ दिला आहे: सावकारांच्या चाकरीतला एक कासीद, पानिपताहून औरंगाबादेस नवव्या दिवशी पोहोचण्याचा वायदा करून निघालेला, आणि नर्मदेच्या परिसरात नानासाहेब पेशव्यांच्या लष्कराच्या हाती लागलेला. नऊ दिवस! पानिपतापासून औरंगाबाद हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पायी मोजा वा जनावराच्या पाठीवर मोजा, रोजची मजल शंभर किलोमीटरांच्या वर जाते, आणि तीही जानेवारीच्या कडाक्यात, लुटारूंच्या आणि पळत्या फौजांच्या मुलुखातून, चंबळ, नर्मदा, सातपुडा आणि तापी ही सर्व एकामागून एक उतरण्याची गणती मनाशी धरून. त्याला पेंढाऱ्यांची भीती वाटली असेल, पायांना फोड आले असतील, सरदारांच्या मरणाची खबर आपल्याच कमरेला आहे हे त्याला कळलेही नसेल. परंतु आज मला निघावेसे वाटत नाही, असे त्याच्या मनात आले असेल काय, हा प्रश्न मला त्या दगडाजवळ फार जिव्हाळ्याचा वाटू लागला.

आले असेल. का येऊ नये? माळव्यातल्या एखाद्या ओसाड गावाबाहेर, शेकोटी विझत आलेली, अंग गारठून गेलेले, आणि उत्तररात्री उठून पुन्हा चालू पडायचे, अशा वेळी त्याचेही मन बसले असेल, माझ्याहून कितीतरी खोल बसले असेल. पण त्याला आपल्या मनाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. पत्र कमरेला होते, ते देण्याचे ठिकाण ठरलेले होते, दिवस मोजून दिलेले होते, आणि पोहोचल्यावर अजुरा मिळायचा होता. जुन्या कागदांतला हा अजुरा शब्द मला फार आवडतो. मजुरी म्हटले की घाम दिसतो, वेतन म्हटले की हजेरीपट दिसतो, आणि अजुरा म्हटले की दिवस मावळताना कोणाच्या तरी दारात उभा असलेला, अंगावर धुळीचा थर बसलेला माणूस दिसतो. जासूद, हरकारे, कासीद यांच्या टाचांवर मराठ्यांची दौलत चालली. एका पुसट झालेल्या लखोट्याच्या भरवशावर लाखांच्या हुंड्या सकारल्या गेल्या आणि फौजा इकडच्या तिकडे वळल्या. त्या हजारो पायांपैकी एकाचेही नाव आपल्याला पाठ नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि या कासिदाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट झाली. त्याची धाव पुरी झालीच नाही. पत्र ज्याच्या नावाने होते त्याच्या आधी पेशव्यांसमोर फोडले गेले, वाचणाऱ्यांवर आभाळ कोसळले, आणि त्या कल्लोळात छावणीच्या एका बाजूला, सहा-सात नाही तर आठ दिवस चालून आलेला, अजून कितीतरी मजला बाकी असलेला तो माणूस रिकाम्या कमरेने उभा राहिला असेल. त्याचा अजुरा कोणी दिला? त्याला कोणी बसायला सांगितले असेल काय?

त्याच्यामागोमाग त्या दगडाजवळ आणखी एक धावणारा आठवला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकात मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील पोरे पाहून दोराबजी टाटांच्या मनात हिंदी पथक पाठविण्याचा विचार आला, त्या पथकात ते होते. शर्यत त्या वर्षी ४२.७५ किलोमीटरांची होती, आणि चौगुले एकोणिसावे आले. पहिल्या आलेल्या हान्नेस कोलेहमाइनेनविषयी वाचण्याची मला तेवढी ओढ नाही. ज्याच्यापुढे अठरा जण निघून गेले आहेत, ज्याची भाषा त्या रस्त्यावर कोणाला येत नाही, ज्याला पदकाची आशा उरलेली नाही, त्याने उरलेले दहा किलोमीटर कोणत्या बळावर काढले, ते मला कोणी सांगेल तर मी पायी बेळगावला जाईन.

असे किती वेळ उभा होतो कोण जाणे. ऊन सातपुड्याच्या कण्यावरून खाली उतरून तुरीच्या शेंड्यांना लागले होते. पुन्हा चालू लागलो, थोडा धावलो, पुन्हा चाललो. विसावा किलोमीटर पुरा होत असताना एका फाट्यावर, बाभळीखाली, धोतराचा सोगा सावरीत एक म्हातारबाबा उभे होते. त्यांनी हात वर केला.

"भाऊ, म्हसावदलेच जाई ऱ्हायना ना?"

"हो बाबा."

"मंग हाई चाबी मना पोऱ्याले दी दे. नऊले लाईट येई."

पंपाच्या मोटारीच्या पेटीची किल्ली होती, सुतळीत ओवलेली. रात्री ते लेकीकडे मुक्कामाला आले होते आणि बंडीच्या खिशातून किल्ली त्यांच्याबरोबरच आली होती. गाडी नुकतीच निघून गेली होती, गुडघे चालू देत नव्हते, आणि पोरगा गव्हाच्या वावरात कुलपासमोर उभा होता. पंपांना वीज ठरावीक तासच मिळते, पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री. दिवसाच्या पाळीतला एक तास गेला म्हणजे गव्हाचे तेवढे सारे कोरडे राहिले. वावर म्हसावदच्या अलीकडे तीन किलोमीटरांवर, रस्त्याला लागूनच, चिंचेच्या झाडाखाली पत्र्याची खोली. आठ वाजून गेले होते. मी किल्ली मुठीत घेतली.

त्यानंतरचे नऊ किलोमीटर मला नीटसे आठवत नाहीत, आणि ज्या धावेचे एकेक पाऊल मी अन्यथा घड्याळात पाहून मोजले असते तिच्याविषयी असे म्हणता येते याचा मला आनंद वाटतो. सुतळीचा खरखरीत स्पर्श आठवतो. लोखंड सुरुवातीला गार होते, मग हाताइतके ऊन झाले, मग घामाने निसटू लागले, तेव्हा सुतळी मनगटाला गुंडाळली. धडगावकडच्या कुटुंबांना घेऊन ऊसतोडीला निघालेली एक मालमोटार पाठीमागून आली. भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि मुले यांच्या राशीवरून एक मुलगी दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. तिच्याकडे हात करताना मनगटावरची किल्ली वाजली. हे सर्व आठवते. मन बसले आहे की उठले आहे, याची विचारपूस करायला मात्र त्या तासाभरात मला सवड झाली नाही.

चिंचेखाली तो तरुण उभाच होता. त्याला बापाचा फोन आलेला असावा, कारण मी कोण, कोठून आलो, असे त्याने काही विचारले नाही. किल्ली घेतली, पेटी उघडली आणि आतल्या लाल दिव्याकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिलो. नऊला दोन मिनिटे कमी होती, मग नऊ झाले, मग नऊला चार मिनिटे झाली. दिवा लागला. स्टार्टर खटकन ओढला गेला, जमिनीखाली कोठे तरी खोल घरघर सुरू झाली, पाइपाच्या तोंडातून आधी हवा आली, मग गढूळ पाण्याची एक गुळणी, आणि मग मनगटाएवढी स्वच्छ धार पाटात पडू लागली. पौषातल्या सकाळी विहिरीचे पाणी कोमट असते. त्यातून वाफ निघत होती.

"बस भाऊ," तो म्हणाला आणि खोलीच्या उंबऱ्यावरचे पोते झटकून दिले.

घड्याळ एकोणतीस दाखवीत होते. तीन किलोमीटर उरले होते. मी बूट काढून पाटात पाय सोडले. पाणी पहिल्या साऱ्यात पसरले, वीतभर गव्हाच्या बुंध्यांतून जागा काढीत, मध्येच एखाद्या ढेकळाशी अडत, टोकाच्या बांधापर्यंत जाऊन थांबले. तेव्हा त्याने फावड्याने तो बांध फोडला आणि दुसऱ्या साऱ्याकडे वळला.