रुपेरी मुळे

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला धाकट्या भावाने बंगळूरूहून एक ऑर्किड आणले. विमानात मांडीवर धरून आणले, म्हणून त्याची सातही फुले शाबूत राहिली. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीतून वर आलेला वाकडा दांडा आणि त्यावर ओळीने बसलेली रुंद पाकळ्यांची पांढरी फुले. पंखा सुरू झाला की आता उडतील असे वाटावे. डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत इतकी देखणी वस्तू पूर्वी कधी आली नव्हती. समारंभ आटोपला, भाऊ परत गेला, आणि ते झाड आईच्या खाटेजवळच्या पूर्वेकडील खिडकीत स्थिरावले.

या ऑर्किडचे शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस. रात्री दिव्यावर झेपावणारा पतंग आणि 'सारखे दिसणे' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये ते नाव घडविले. इंडोनेशियाच्या रानांत याची जी पांढरी जात आढळते, तिला तिथले लोक चंद्राचे ऑर्किड म्हणतात. हजार पौर्णिमा पाहिलेल्या बाईला चंद्राचे फूल मिळाले होते. भावाला अर्थातच यातले काहीही ठाऊक नव्हते. दुकानातले सर्वांत महागडे झाड त्याने उचलले होते, इतकेच.

आईने मात्र त्याला पहिल्याच दिवशी नाव दिले, "बांडगूळ."

तिचे माहेर राजापूरकडचे. आंब्याफणसाच्या खोडांवर वाढणाऱ्या हरतऱ्हेच्या वनस्पतींना तिच्या लहानपणी हा एकच शब्द होता. मी तिला समजावू लागले. बांडगूळ ज्या झाडावर वाढते त्याच्या अंगात मुळे खुपसून त्याचा रस शोषते; ऑर्किड तसे करीत नाही. ते खोडाला नुसते बिलगून असते. त्याची मुळे उघड्या हवेत लोंबतात, पावसाचे आणि दवाचे पाणी पितात, सालीच्या बेचक्यांत साठलेल्या पाचोळ्यातून अन्न मिळवितात.

"झाडाचं काही घेत नाही गं ते, नुसतं बसतं," मी म्हणाले.

"जागा घेतं ना?" आई म्हणाली.

मला पुढे बोलता आले नाही. गेली दोन वर्षे ती माझ्याकडे राहत होती आणि आपण माझ्या गळ्यात पडलो आहोत हे वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती. तिचे विस्मरण तोवर बरेच वाढले होते. सकाळचा चहा झाला की नाही हे तिला आठवत नसे. मला ती अधूनमधून मावशीच्या नावाने हाक मारी. गॅसजवळ तिला जाऊ द्यायचे नाही, दार आतून लावू द्यायचे नाही, अशा मनाई एकेक करून घरात आल्या होत्या. तिच्या हाती उरलेले एकमेव काम म्हणजे खिडकीतल्या झाडांना पाणी घालणे. ते ती पितळी गडूने, पदर खोचून करी. तिच्या माहेरी उन्हाळ्यात पोफळींना रोज शिंपावे लागे. झाडांना पाणी मिळाल्याशिवाय घरातल्या बाईने चहा घ्यायचा नाही अशी तिच्या आजीची शिस्त होती. तुळस, कोरफड आणि मनीप्लँट यांच्या जोडीला आता ऑर्किडही त्या शिस्तीत आले.

मेअखेर झाड आले आणि जुलैच्या मध्याला त्याची पाने लोळली. तोवर पाच फुले गळून दोनच राहिली होती. चामड्यासारखी जाड, ताठ पाने सुरकुतली, मऊ पडली. मला वाटले, तहानले असेल; म्हणून आईचे पाणी घालून झाल्यावर मीही दोन पेले घातले. हे लिहिताना आज संकोच वाटतो. चार दिवसांनी खिडकीपाशी कुबट वास येऊ लागला, तेव्हा मी कुंडी उचलून पाहिली आणि तिच्या जडपणानेच चरकले.

चिनी मातीच्या त्या सुबक कुंडीला तळाशी छिद्रच नव्हते. आत एक पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी होती. तिला छिद्रे होती खरी, पण ती चार बोटे काळपट पाण्यात बुडालेली होती. प्रथम मी दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावले. मग दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्यासारखी घरात बसून राहिले आणि मोजले. आईने सकाळी सात वाजता पाणी घातले. नऊ वाजता घातले. जेवणानंतर घातले. संध्याकाळी दिवेलागणीला, "आज झाडं तशीच राहिली वाटतं," असे म्हणत चौथ्यांदा घातले. प्रत्येक वेळ तिच्यापुरती पहिलीच होती.

ऑर्किडच्या मुळांवर मृत पेशींचे एक स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसते. भिजले की ते आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. भिजणे, मग सुकणे, मग पुन्हा भिजणे असा या मुळांचा क्रम आहे. सुकायला अवसरच मिळाला नाही तर त्यांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि मग बुरशीचे फावते. मुळे कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही. म्हणजे पाण्यात उभे राहून ते तहानेने सुकते. पाहणाऱ्याला पानांवरची तहान दिसते आणि तो आणखी पाणी घालतो. मी तेच केले होते.

रविवारी दुपारी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून मी झाड बाहेर काढले. मुळांभोवती ओले शेवाळ घट्ट दाबून भरलेले होते. ते बोटांनी उकलता उकलता वास घरभर पसरला. आई खाटेवरून उतरली, माझ्याशेजारी मांडी घालून बसली आणि काही न विचारता तिने झाड माझ्या हातातून घेतले.

पुढचा अर्धा तास मी फक्त पाहत होते. तिने डोळे जवळजवळ मिटले होते. एकेक मूळ ती अंगठा आणि तर्जनी यांत धरी, बुडापासून टोकापर्यंत हलकेच दाबत नेई. "हे गेलं," ती म्हणे. "हेही गेलं." गेलेल्या मुळाची साल तिच्या बोटांत निसटून येई आणि आत नुसता दोरा उरे. एखाद्यापाशी ती थांबे, पुन्हा दाबून पाही. "हे आहे." साठ वर्षे तांदूळ निवडलेली, पालेभाजी निवडलेली ती बोटे होती, त्यांना कोणतीही आठवण लागत नव्हती. मी कात्री ज्योतीवर धरून निववीत होते आणि ती दाखवील ते मूळ कापीत होते. चौदा मुळांपैकी चार राहिली.

फुलांचा दांडा कापायची वेळ आली तेव्हा मात्र तिने माझा हात धरला. "फुलावर आलेलं झाड कापतात का कधी?" चार मुळांवर जगायचे तर फुलांचा खर्च झाडाला परवडणार नाही, असे मी सांगितले. तिला ते पटले नाही. शेवटी दांडा मीच कापला आणि तिने तो पेल्यात पाणी घेऊन उभा केला. ती दोन फुले पुढे तीन आठवडे टिकली. या काळात आई त्या पेल्याकडे बोट दाखवून माझ्याशी बोलत असे. मुळांच्या कुंडीकडे तिने पाहिलेही नाही.

कापलेल्या जागी मी दालचिनीची पूड लावली. ती फक्त जखमेलाच लावायची असते. चांगल्या मुळाला लागली तर त्यालाही सुकवते. झाड रात्रभर उघडे ठेवले. नारळाच्या सोडणांचे तुकडे दोन दिवस पाणी बदलत भिजविले, त्यात लाकडी कोळशाचे खडे मिसळले, जुन्या प्लॅस्टिकच्या कुंडीला तापलेल्या सळईने आणखी छिद्रे पाडली आणि झाड त्यात बसविले. चार मुळांवर ते उभे राहीना, म्हणून एका बांबूच्या काडीला सुती चिंधीने बांधले. चिनी मातीची कुंडी माळ्यावर गेली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आई गडू घेऊन आली.

मी गडू लपविला. हा प्रसंग लिहू नये असेच वाटत होते. गडू मी वरच्या फडताळात डब्यांमागे ठेवला आणि तिने विचारले तेव्हा म्हणाले, "मी घातलं पाणी, तू बस." पहिले दोन दिवस ती घरभर गडू शोधत होती. तिसऱ्या दिवशी शोधणे थांबले. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. तुळशीलाही पाणी घालायला उठेना. पाचव्या संध्याकाळी तिने मला अगदी शांतपणे, परक्या घरात विचारावे तसे विचारले, "मला आता काही काम आहे का गं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक झाड वाचविण्यासाठी मी काय काढून घेतले होते, हे कळायला पाच दिवस लागले. झाड मेले तरी चालेल, गडू परत द्यावा, असे पहाटे ठरविले. फडताळातून तो काढून खिडकीशी ठेवला, आणि उजाडत असताना कुंडीच्या पारदर्शक भिंतीला टेकलेले एक मूळ दिसले. ते चांदीच्या तारेसारखे लखलखत होते.

आईला उठवून मी ते दाखविले. "हे असं पांढरं झालं की याला पाणी हवं असतं. घाल." तिने घातले. पाच मिनिटांत मूळ आमच्या डोळ्यांदेखत हिरवे झाले. आई वाकून पाहतच राहिली. "बोलतंय की हे," ती म्हणाली.

दोन तासांनी ती पुन्हा गडू घेऊन आली. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी राहिले. ती वाकली. कुंडी तिने उजेडाकडे फिरविली. "हिरवं आहे," असे स्वतःशीच पुटपुटली आणि गडूतले पाणी तुळशीत रिकामे केले. तुळशीच्या कुंडीला छिद्र होते. तिचे काही बिघडणार नव्हते. तिला आधीचे पाणी आठवत नव्हतेच. पण आठवण्याची गरज उरली नव्हती, कारण समोर दिसत होते.

सगळे दिवस असे गेले नाहीत. कधी ती न पाहताच पाणी ओती. पानांच्या बेचक्यात थेंब साचले तर गाभाच कुजतो, म्हणून मी कापसाची वात फिरवून ते टिपून घेई. खालची दोन पाने पिवळी होऊन गळाली. भाद्रपद संपेपर्यंत झाडात काडीचाही बदल दिसला नाही. नवरात्रात खोडाच्या तळाशी मुगाएवढा हिरवा बिंदू दिसला. दिवाळीपर्यंत त्याचे बोटभर मूळ झाले. मार्गशीर्षात नवे पान आले, जुन्यांपेक्षा लहान, पण ताठ. आता त्याला नऊ मुळे आहेत. फुलाचा पत्ता नाही. कदाचित पुढच्या हिवाळ्यात येईल.

गेल्या आठवड्यात भावाने व्हिडिओ कॉल केला. आईने त्याला ओळखले की नाही, हे मला सांगता येणार नाही. ती हसली मात्र. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "आई, फुलं आली का?"

आईने माझ्या हातातून फोन घेतला, खिडकीशी गेली आणि तो कुंडीला अगदी चिकटवून धरला. त्याला बहुधा अंधारच दिसत असावा.

"फुलं राहू दे," ती म्हणाली. "मुळं बघ."