साईन आणि जेब

परवा नववीतल्या लेकीला त्रिकोणमिती शिकवत होतो. काटकोन त्रिकोण काढला. बाजू ३ आणि ४, कर्ण ५. तीनच्या समोरचा कोन घेतला. साईन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, ३/५. कोसाईन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, ४/५. टॅन ३/४. बाजू दुप्पट केल्या तरी गुणोत्तरं तीच.

"पण अब्बू, साईन म्हणजे काय?"

आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये 'ज्या' म्हटलं, म्हणजे धनुष्याची दोरी. तिचंच दुसरं नाव जीवा. अरबांनी ते 'जीबा' असं घेतलं. अरबीत स्वरचिन्हं सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे ते 'जैब' वाचलं गेलं. जैब म्हणजे अंगरख्याची गळ्याजवळची घडी. लॅटिन भाषांतरात घडीसाठी 'सायनस' शब्द आला, त्यातून साईन.

"म्हणजे आपली जेब?" तिनं खिशावर हात ठेवला. हो, तीच.

शाळेत एका वर्गमित्रानं विचारलं होतं, "तुम्हा लोकांचा गणिताशी काय संबंध?" मी गप्प बसलो होतो. लेकीला तसं बसावं लागणार नाही. मात्र तिला एवढंही सांगितलं, की हा शब्द एकट्या आपलाही नाही.