डेपोची माती

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला येणारे झाडांकडे बघतात, पाखरांचे फोटो काढतात आणि हिच्या अंगावरून निघून जातात. एखादा काठी टेकून म्हणतो, "एवढी जागा उगंच पडलीय की ओ!" ती ऐकून घेते. इथं देवीची लस तयार व्हायची तो काळ तिनं पाहिलाय. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. ही आहे तिथंच आहे.

रंगानं तांबूस, अंगानं खरखरीत आणि खाण्यात अखंड. वाळलेलं गवत, मेलेली मुळं, पाचोळा, काहीही चालतं. खाणारे अर्थात तिच्या पोटातले जिवाणू आणि बुरश्या. वरून गवताच्या जिवंत मुळांचाही श्वास चालू. या दोघांचा मिळून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हिचा उच्छ्वास. मोजायचा तर जमिनीवर एक डबा पालथा घालून आत साठणारा वायू मोजतात. पूर्वी त्यासाठी डब्यात सोडा लाइम ठेवत, आता इन्फ्रारेडचं यंत्र असतं.

वळवाच्या दिवसांत तिचं वागणं बघावं. महिनोन् महिने कोरडी, जवळजवळ निपचित. मग एका दुपारी ढग गडगडतात, चार टपोऱ्या सरी पडतात, आणि ही एकदम धापा टाकू लागते. उपाशी जिवाणू जागे होतात, उन्हाळ्यात मेलेल्या भाईबंदांनाच खाऊन टाकतात, आणि काही तासांत उच्छ्वास कितीतरी पटींनी वाढतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या मातीत हे नीट तपासलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. बेळगावकर त्या वेळी खिडकी उघडून वास घेत असतात. तो वासही जिवाणूंचीच करणी, पण श्वासाला वास नसतो.

जुलैत नेमकं उलटं. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, मातीतली बारीक भोकं पाण्यानं भरतात, आणि पाण्यातून वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. गुदमरते बिचारी. सप्टेंबरात उघडीप मिळाली, कुसळी फुलोऱ्यावर आली, की तिला पुन्हा सूर सापडतो.

जगभरची माती मिळून वर्षाला ८० ते १०० अब्ज टन कार्बन श्वासावाटे सोडते; आपला कोळसा, तेल आणि वायू मिळून जेमतेम १० अब्ज टन. हा आकडा ऐकून कोणी मातीकडे बोट दाखवू नये. ती सोडते तो कार्बन गवतानं अलीकडेच हवेतून ओढलेला असतो. आपला कोट्यवधी वर्षांचा पुरलेला, उकरून काढलेला.

शिवाय ती सगळं खर्चत नाही. जंगल आपली कमाई दागिन्यांसारखी अंगावर मिरवतं. ही तांदळाच्या डब्यात नोटा दडवणाऱ्या आजीच्या जातीची. गवताळ जमिनीचा बहुतेक कार्बन खाली, मुळांत आणि मातीच्या गुठळ्यांत असतो. फेब्रुवारीत वणव्यानं वरचं गवत जळालं तरी डबा शाबूत. तो फुटतो कुदळीनं. खणलं की गुठळ्या मोडतात, दडवलेलं जिवाणूंच्या हाती लागतं आणि श्वास नको तेवढा वाढतो. म्हणून मोकळं गवत दिसलं की रोपं घेऊन धावणाऱ्यांचा मला थोडा धाकच वाटतो. खड्डा कुठं खणतोय, हे एकदा विचारावं. पेव्हर ब्लॉकवाल्यांबद्दल तर काय बोलायचं. ब्लॉकखाली नवं मूळ शिरत नाही आणि हिला जुन्या शिलकीवरच गुजराण करावी लागते.

गंमत सांगतो. शुद्ध हवा मिळावी म्हणून पहाटे पाचला डेपोत येणारे बरेच आहेत. त्या वेळी सूर्य नसतो, गवताचं काम सुरू झालेलं नसतं, वारा बहुधा पडलेला असतो, आणि रात्रभर हिनं सोडलेला श्वास गवतालगत साचून राहिलेला असतो. म्हणजे जमिनीलगतच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त असतो तो नेमका तेव्हाच. अपाय काही नाही. खुशाल यावं, प्राणायामही करावा.